असेल तर

होग्नीने लिहिलेली फाइल उघडली की
आधी कोनी कंस, मग ती अट :
हेडरचं मोड्यूल असेल तर
या पानाला सांग, फोनात साठून राहू नकोस.
आणि नसेल तर?
नसेल तर काही नाही.
सर्व्हर पुढची ओळ वाचतो,
पंगतीत नको ती वाटी
न बोलता बाजूला सारणाऱ्या पाहुण्यासारखा.

मंगळवारी पहाटे सहाला
क्वान्नासुंदच्या धक्क्यावर सातजण उभे होते.
स्विनोयची बोट वादळामुळे रद्द,
हे मी रात्रीच वेळापत्रकात लिहिलं होतं.
त्यांच्या फोनवर मात्र
सोमवारचं पान, टवटवीत.
म्हातारी मार्युन, काखेत लोकरीचं बोचकं,
म्हणाली, "यात तर बोट आहे."
तिच्यामागे समुद्र पायऱ्या चढत होता.

ओल्या बुटांनीच ऑफिसात येऊन लॉग चाळले.
एकही तक्रार नाही.
गेल्या महिन्यात नवं मशीन आणलं,
त्यावर ते मोड्यूल कुणी चालूच केलं नव्हतं.
कुणी म्हणजे मी.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,
ठीक आहे;
पण इथं आत्याच आली नव्हती
आणि तिची ना दाद ना फिर्याद.

होग्नी वाईट नव्हता.
तीन जुनाट मशीनांवर एकच फाइल चालावी,
कुठे अडू नये,
म्हणून ओळीओळीला त्याने अट गुंडाळली.
निरोपाच्या केकपाशीही म्हणाला होता,
वारा पडला तर येत जाईन.
आला नाही.

मी दोन ओळी खोडल्या,
अट उघडणारी आणि मिटणारी.
सर्व्हरने सुरू व्हायलाच नकार दिला :
ओळ एकशे बारा, ही आज्ञा मला कळत नाही.
इतकं सरळ माझ्याशी
महिनाभरात कुणी बोललं नव्हतं.
मोड्यूल चालू केलं. उठला.

सगळ्याच अटी नाही काढल्या.
पान आवळून पाठवायची राहू दिली;
जमलं तर बरं, नाहीतर जाईल सावकाश,
त्यापायी कुणी धक्क्यावर भिजत नाही.

दुपारी मार्युनने काचेवर टकटक केलं.
फोन खिशातच.
"आहे का गं बोट, तूरी?"
वारा पडला तर, असं तोंडाशी आलं होतं.
"आज नाही," म्हटलं.
"उद्या दहाला मला विचार."