हजेरीपट

वर्षातून दोनदा मी एका सरकारी कागदावर सही करते
की या घरात शिकवणं होतं
शाळेइतकंच नियमित आणि शाळेइतकंच चांगलं.
'नियमित'पाशी पेन दर वेळी अडखळतं.

सप्टेंबर. साउथलँड. मेंढ्या विण्याचे दिवस.
वारा थेट दक्षिणेच्या बर्फावरून निघालेला,
वाटेत त्याला कुणी अडवलेलंच नाही.
फ्रिजवर माझं वेळापत्रक, चार रंगांत आखलेलं:
नऊला गणित, दहाला भाषा, साडेअकराला नकाशे.
सव्वानऊला कलम दारात. कोपरापर्यंत लाल हात.
"एक आडवं आलंय. तुझे हात लहान आहेत."
आणि मी तीन-चतुर्थांश तसेच टेबलावर टाकून
बूट शोधायला लागते.

परतते तेव्हा साडेदहा.
चुलीपुढच्या खोक्यात आणखी एक कोकरू,
नियाने त्याला स्वतःचा मोजा चढवलाय.
आतून सासऱ्यांची घंटी.
सकाळच्या गोळ्या दिल्या की द्यायच्यात, आठवत नाही.
पशुवैद्याचं बिल लापशीच्या भांड्याखाली चिकटलेलं.
फर्गस सातचा पाढा म्हणतोय,
बेचाळीसवरून उडी थेट त्रेसष्टवर.
मी टोकत नाही.
घाईत माणूस काय काय गाळतं, मला माहीत आहे.

लोकरीच्या शेडमध्ये शेजारची मॉर्वेना म्हणाली,
तुमचं बरंय बाई, शेतावरची मुलं आपोआप शिकतात.
आपोआप?
आपोआप फक्त दूध उतू जातं.

शुक्रवारी रात्री, सगळं निजल्यावर,
एल्स्पेथची गणिताची वही तपासायला काढली.
हातात दुसरीच आली.
पट्टीने आखलेले रकाने, वर तारखा,
अकरा वर्षांच्या मुलीचं ताठ, गंभीर अक्षर.

एल्स्पेथ: हजर.
फर्गस: हजर, लक्ष नाही.
निया: हजर, टेबलाखाली.
आजोबा: हजर. इतिहासाच्या तासाला झोपले.
शिक्षिका:
सोमवार, गैरहजर. कारण मेंढी.
मंगळवार, गैरहजर. कारण मेंढी, दुसरी.
बुधवार, हजर. वीस मिनिटं. छान शिकवलं.
गुरुवार, गैरहजर. कारण बँक.
आल्यावर डोळे लाल होते. वारा असेल.
शुक्रवार
आणि पुढे कोरं.

सवयीने लाल पेन उचललं होतं.
दुरुस्त करायला काही सापडेना.
'गैरहजर' एकदाही चुकलेलं नाही.
एवढा शब्द तिने
चांगलाच गिरवून घेतलाय.

कोऱ्या रकान्यासमोर किती वेळ बसले, कोण जाणे.
मग लिहिलं: हजर, दहा वाजून वीस. उशिरा.
जिन्याची तिसरी पायरी करकरली.
ती आली, अंगावर बापाचा स्वेटर,
काही न बोलता समोर बसली
आणि सकाळचे ते तीन-चतुर्थांश
माझ्याकडे सरकवले.

आम्ही एक सफरचंद कापलं.
चार फोडी. एक तिने खाल्ली.
"आता किती उरलं?"
"तीन," मी म्हटलं.
"तीन कशाचे?" तिने विचारलं, माझ्याच आवाजात.
खूप वर्षांत मला कुणी
असं नीट थांबून काही विचारलं नव्हतं.
मी उत्तर शोधत होते

तेवढ्यात शेडच्या बाजूने तो आवाज,
आणि मागून कलमची हाक.
मी उठले. मग पुन्हा बसले.
हात वर केला. "बाई, जाऊ का?"

एल्स्पेथने वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.
वर न बघताच म्हणाली,
"जा.
पण किती वाजता येणार,
ते सांगून जा."