पाच बोटं

मटाउरा नदीकाठच्या आमच्या शाळेत
जून म्हणजे ऐन हिवाळा.
वाचनालयात हीटर एकच, माझ्या टेबलाशी.
मुलं येतात ती त्याच्यासाठी, पुस्तकांसाठी नव्हे,
एवढं कळतं मला.

फेलेती मात्र थेट वरच्या फळीशी गेला.
प्रकल्पाचा विषय: नदीतला ईल मासा.
विद्यापीठाचा चारशे पानी प्रबंध त्यानं काढला
दोन्ही हातांनी, कवटाळून,
कारखान्यात त्याचा बाप मेंढीचं धड उचलतो तसा.
मागे कॅलम उभा होता.
कॅलम नसता तर उचलला नसता.

म्हटलं, कुठलंही पान उघड.
अडलेल्या शब्दाला एक बोट मीट.
दुसऱ्या ओळीला मूठ झाली,
आणि मूठ खिशात गेली.

मग माझी चूक.
दिलं बारकं पुस्तक, वर हसणारा ईल,
त्याच्या डोक्यावर टोपी.
तेरा वर्षांच्या मुलाला. कॅलमसमोर.
"हे बहिणीसाठी ठीक आहे," म्हणाला,
आणि हीटर सोडून लांब खिडकीशी बसला.

रात्री सूप ढवळताना लक्षात आलं,
तेवीस वर्षं मी पुस्तकांच्या पाठीवर
हिरवे, पिवळे, लाल ठिपके चिकटवतेय,
आणि ते उमटतात पोरांच्या पाठीवर.
सकाळी नखानं खरवडायला बसले.
जुना डिंक. काही निघाले.
काही कागद घेऊन निघाले.

मग शोधाशोध:
नदीखात्याची एक घडीपत्रिका,
ईल धरणाऱ्या बाईची दोन पानी मुलाखत,
समुद्राचा नकाशा.
त्याच्यासमोर ठेवले, प्रबंधाच्या वर.
प्रबंध काढून घेतला नाही.

ओठ हलत होते. एक बोट. बराच वेळ एकच.
मग दुसरं.
"मिस, हे टोंगाला जातात!"
"कोण?"
"ईल. म्हातारे झाले की. खाणंपिणं सोडून,
अंडी घालायला, तिकडच्या समुद्रात."
त्याचे आईबाप ज्या वाटेनं इथं आले
तीच वाट, उलटी.

आता प्रबंध त्यानं स्वतःच उघडला.
शेवटच्या सूचीत टोंगा शोधलं, पान काढलं.
तीन बोटं, चार, मूठ.
मूठ घेऊन माझ्यापर्यंत आला,
टेबलावर एकेक बोट उलगडत गेला:
हा शब्द काय? आणि हा?
पाचव्यासाठी मलाही कोश काढावा लागला.

परिच्छेदाच्या तळाशी एक साधी ओळ होती:
नेमकं कुठे, हे अजून कोणी पाहिलेलं नाही.
"चारशे पानं लिहून यालाही माहीत नाही!"
केवढा हसला. कॅलमला ओढत नेऊन दाखवलं.
कॅलम ओळीकडे बघत राहिला,
वाचणाऱ्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी फळ्या लावताना
टोपीवाला ईल जागेवर नव्हता.
नोंदवहीत कॅलमचं वाकडं अक्षर,
पुढे लिहिलेलं: बहिणीसाठी.

कॅलमला बहीण नाही.
मी तारखेचा शिक्का मारला,
आणि हीटर बंद केला.