मीडियम वेव्ह

बुटीबोरीच्या ट्रान्समीटरवर रात्रपाळी केली मी एकोणीस वर्षं.
मनोऱ्याखालच्या गवतात ट्यूबलाइट हातात धरली
तर वायरीवाचून पेटायची.
नवीन पोट्ट्यांना आधी हे दाखवायचं,
मग चहा.

देशात ज्याला झोप नाही, तो आमचा.
सिलचरहून पत्र यायचं, एकदा फिनलंडहून:
बासरी मधात खरखरली, पण पोचली.
आम्ही छापील कार्डावर पोचपावती धाडायचो,
कोपऱ्यात संत्र्याची फांदी.

पावणेतीनला दुरुस्तीसाठी सात मिनिटं सगळं बंद.
तेव्हा हेडाऊ साहेब जुना रिसीव्हर कानाशी घेत.
धनराज हेडाऊ, गोळीबार चौकाचे, कोष्ट्याचं पोर.
माग अडला की बाप आधी कान द्यायचा म्हणे,
धागा कुठं तुटला ते बघायच्या आधी.

"कोणाचं ऐकता साहेब?"
"वरचं. एवढं बोलून राह्यलो आपण,
थोडं ऐकाले नको?"

मी तेव्हा नवा, शहाणा.
म्हटलं, आपली लहर वर जातच नाही,
आयनांबराला आपटून खाली येते,
म्हणून तर सिलचरला पोचते.
तिकडे कोणाला आपला पत्ताच नाही.

त्यांनी सुपारी कातरली, सावकाश.
"मले काय शिकवतं बे.
त्यांचीबी अशीच अडकली असन, त्यांच्या आभाळाखाली.
तिथंबी एखादा बसला असन रात्रपाळीवर,
सात मिनिटं सारं बंद करून."

मग बटण दाबलं. सुया थरथरल्या,
आणि कुठल्याशा बंदिशीच्या मधातून
हजार किलोवॅट पुन्हा देशभर पसरले.

यंदा मे महिन्यात ते गेले. सत्तेचाळीस डिग्री,
मोक्षधामात लाकडं आधीच तापलेली.
तेराव्यानंतर त्यांच्या मुलीनं
टेबलाचा खण माझ्यापुढं उपडा केला:
अडकित्ता, जळालेले फ्यूज, बापाचा धोटा,
आणि आमचं कार्ड, निळ्या शाईनं भरलेलं.

वेळ: दोन अठ्ठेचाळीस.
आवाज: नाही.
काय ऐकलं, या रकान्यात:
कोणीतरी ऐकून राह्यलं.

पत्त्याची जागा कोरी.
तिकीट मात्र लावलेलं, एक कोपरा सुटलेला,
पंधरा पैशांचं.
तेवढ्यात आता कामठीही गाठत नाही.