नग एक

कुपवाडच्या फौंड्रीत आम्ही कान ओतला,
माझ्याहून हातभर उंच.
बाकीचं अंग कुठं कुठं चाललेलं :
गुडघे परराज्यात, नाक म्हणे अजून कागदावरच.

जगात सगळ्यांत उंच होणार, साहेब म्हणाले.
कशाचा पुतळा?
शांतीचा.
मागच्या महिन्यात एकीचा होता.
मी चलनावर लिहिलं :
कान, डावा. नग एक.

आदगोंडा तीन दिवस कानस घेऊन बसला
पाळीच्या मागं,
जिथं पाखराशिवाय कुणी जाणार नाही.
एवढ्या वर कोण बघतंय रं?
‘बघायला नाही, ऐकायला केलाय.’

आम्ही सांगलीची माणसं, उंची पाण्यानं मोजतो.
आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा,
पंचेचाळीसला गाद्या माळ्यावर,
त्याच्यापुढं आकडा कुणी विचारत नाही,
होडी कुठवर आली एवढंच.

ट्रेलरवर चढवायच्या आधी
आदगोंडा त्या कानात वाकून काहीतरी बोलला.
आतून त्याचाच आवाज आला,
जरा उशिरा, जरा जाड.

काय सांगितलंस?
त्यानं हात चिंधीला पुसले.
‘घरचा पत्ता. गल्लीसकट.’

मग बांबूनं विजेच्या तारा उचलत
माधवनगरच्या फाट्यापर्यंत
आम्ही कान पोचवून आलो.