शेवटचा आकडा

कुताइसीच्या रक्तपेढीत रात्री पावणेदहाला फोन वाजतो.
हातमोजे काढेपर्यंत तो बंद पडतो,
मग पुन्हा वाजतो.

"सकाळी आलो होतो. खिडकीजवळची खुर्ची.
माझी पिशवी कुणाला देऊ नका."

मागे भट्टीचा आवाज. कुणीतरी परात आपटतं.
कारण विचारायचं नाही, असा नियम आहे.
मी फक्त नंबर विचारते.
तो चिठ्ठीवरचा एकेक आकडा वाचतो
आणि शेवटच्यापाशी अडतो:
सहा की नऊ?
"खाली रेघ आहे?"
"पीठ लागलंय… थांबा. आहे."
"मग सहा."

फ्रिज चार अंशांवर घुमतोय.
पिशवी खालच्या कप्प्यात सापडते.
चारही तपासण्या झालेल्या, चारही स्वच्छ.
यंत्राला दिसतं तेवढं यंत्राने सांगितलं.
गेला आठवडा यंत्राला दिसत नाही.
तो ज्याचा त्यालाच ठाऊक.

याच इमारतीच्या मागच्या दाराशी
ब्याण्णवच्या हिवाळ्यात नुगझार उभा असायचा,
शहरात वीज नव्हती तेव्हा.
कावीळ झाली होती? नाही.
या महिन्यात कुठे रक्त दिलंय? नाही.
बाही खाली ओढत, नाही.
एवढ्या नकारांवर पाच लिटर रॉकेल मिळायचं.
त्याच्या डोळ्यांचा रंग मला मेणबत्तीत दिसत नव्हता,
असं मी अजून म्हणते.
ते सगळे नकार माझ्याच अक्षरात आहेत.

त्याला खोटारडा म्हणायला जीभ धजत नाही,
त्याची दोन पोरं अंथरुणात कोट घालून झोपायची.
पण वरच्या मजल्यावर एक ओली बाळंतीण होती.
गारठा तिच्याही घरात होता.
तिचं नाव मी इथे लिहिणार नाही.

या बेकरीवाल्याला सकाळी काय दिलं आपण?
सफरचंदाच्या रसाचा खोका,
आणि द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ.
माळ त्याने खिशात घातली, मुलीसाठी म्हणाला.
आता फोनवर विचारतो,
"ती माळ परत आणून देऊ?"

मला हसू येतं, घशात कुठेतरी अडकतं.
"नको हो. तुम्ही मात्र या,
खुर्चीवर नाही, माझ्याकडे. दार लावून बोलू."
बराच वेळ फक्त भट्टी ऐकू येते.
"रागावलात?"
"नाही."

वहीत लिहिते: दात्याच्या सांगण्यावरून नष्ट.
तारीख, वेळ, सही.
सहाच्या खाली पुन्हा एकदा रेघ.

उद्या आठला ऑपरेशन आहे
आणि ओ निगेटिव्हची एक पिशवी कमी.
चष्मा पुसून मी यादी काढते.
पहिलं नाव तेंगिझ, शाळेचा शिपाई, लवकर झोपणारा.
त्याला आता उठवायचं आहे,
तेही फुकटात.