निळवंडी

स्पर्धेचा नियम क्रमांक सात :
माटोळीला बांधलेल्या प्रत्येक जिनसाखाली
नाव, उपयोग आणि दोन ओळींची माहिती असावी.
आमच्या जिनसा दोनशे अकरा.
आणि अक्षर बरे म्हणून
गेली एकवीस वर्षे पुठ्ठे माझ्याकडे.

यंदा पुतण्याने फोन पुढे केला,
याला विचारा, हा सगळं सांगतो.
सांगितलेही. कांगणी, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन,
फागलां कशी बांधावीत, कवंडळ कडू का,
कुठेही न अडखळता,
बँकेतला नवा साहेब बोलतो तसे.
मग एकशे चाळिसाव्या पुठ्ठ्याशी
न विचारताच म्हणाला : निळवंडी विसरलात.
'सह्याद्रीच्या उतारावरची वेल. फळ बोराएवढे, निळसर.
पित्तावर गुणकारी. माटोळीत ईशान्येला बांधतात.'
एक वेलांटीसुद्धा चुकलेली नाही.

मी थांबलो.
शाई पुठ्ठ्यावर ठिबकली.

चवथीच्या आदल्या दिवशी वाळपईच्या बाजारात
पाय ठेवायला जागा नसते.
भागी वरक आपल्या गोणीमागे,
चरावण्याचे रान पुढ्यात पसरून.
विचारले, निळवंडी आहे?
तिने कोयता खाली ठेवला.
"तुमीच बरयल्लें न्हय तें?"

बारा वर्षांपूर्वीची स्मरणिका. पान चौतीस,
वर रंगाच्या दुकानाची जाहिरात, खाली माझी कविता.
तिच्या सुनंदेने ती शाळेत म्हटली होती
हातवारे करून.
आणि भागी दोन दिवस रानात,
दुसऱ्या कुणाला आधी मिळू नये म्हणून
घरातही न सांगता.
जळवा, एकदा घसरून पडणे, हाती काही नाही.
पुढल्या वर्षी परत गेली.
छापलेय म्हणजे असणारच, असे तिला वाटले.

आता भर बाजारात कसे सांगू
की मला फक्त 'थंडी'ला यमक हवे होते.
आणि ती थंडीही खोटी. भाद्रपदात कसली थंडी?

ते यंत्र माझेच ऐकून बोलले का?
स्मरणिका कुणी स्कॅन करून कुठे टाकली असेल,
किंवा नसेल; पन्नास प्रती, त्यातल्या चाळीस वाळवीने वाचल्या.
की तेही माझ्याच वाटेने गेले,
कवंडळाला हात लावत, निळाई चाचपत,
शब्द पडेल तिथे फळ धरेल या भरवशावर?
यातले काय बरे, ठरवता येत नाही.
चोरी झाली म्हणावे तर माल दाखवावा लागतो.

पित्ताचे मात्र त्याचे स्वतःचे.
माझ्या कवितेत औषध नव्हते.
एवढा धीर मला कधी झाला नाही.

भागीने गोणीच्या तळातून काहीतरी काढले.
बोराएवढे. निळे म्हणता येईल, उजेड कमी असेल तर.
"हाका नांव ना. खावपाक ना, वखदाक ना."
दर वर्षी आणते, कोणी घेत नाही.
किती, म्हटले. दहा रुपये.
तिच्या त्या दोन दिवसांचे किती,
हे विचारायचे राहिले.

घरी पुतण्याने फोटो काढून त्याला दाखवला.
आधी एक नाव. मग, क्षमा करा, दुसरे.
मग तिसरे, लॅटिनसकट.
चौथ्यांदा आम्हीच विचारले नाही.

बांधले. ईशान्येलाच.
खाली पुठ्ठा : वाळपईच्या बाजारात मिळाले,
भागी वरक यांच्याकडे.
पुढे काही सुचेना.

परीक्षक चष्मा वर करून बराच वेळ उभे.
निकालाच्या कागदावर शेरा आहे :
जिन्नस २१२, माहिती अपुरी, एक गुण वजा.

उरलेल्या दोनशे अकरांना पूर्ण गुण.
त्यातले किती पुठ्ठे त्याने सांगितले तसेच उतरवले
आणि किती मला खरेच ठाऊक होते,
ते आता अक्षरावरून कळत नाही.