एकशे ऐंशी दिवस

इतिवृत्तात मी लिहिलं :
सभा सात वाजून चार मिनिटांनी सुरू झाली.
लिहिलं नाही :
हॉलमधलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे,
आणि शहराची माणसं भिंतीकडे,
आमची टाउनशिपची खिडकीकडे
आपोआप बसली,
लग्नात दोन्हीकडची बसतात तशी.

मधल्या टेबलावर नकाशा.
सारखा गुंडाळायला बघत होता,
म्हणून कोपऱ्यांवर वजनं :
स्टेपलर, मीठदाणी, कुणाचा तरी चष्मा,
आणि महापौर लिओना पिवोन्स्कींच्या गाडीची किल्ली.
शहर गुलाबी शाईत.
आमचं मार्शफोर्क पांढरं,
जणू तिथे कुणी राहतच नाही.

"आम्ही काही तुम्हाला गिळायला आलो नाही."
"घास कधीच घेतलात," मर्विन ओस्बी म्हणाला,
"आता चावायचं तेवढं थांबवा."
हसू आलं, दोन्हीकडे.
तेही इतिवृत्तात नाही.

मग घासाघीस.
आम्ही एक वर्ष म्हणालो, ते नव्वद दिवस.
आम्हाला 'स्थगिती' हवी होती,
त्यांच्या वकिलाला 'विराम',
आणि त्याच्यापुढे एक 'शक्यतो'.
त्या 'शक्यतो'वर पाऊण तास गेला.
कॉफी संपली. पुन्हा ठेवली. तीही संपली.
बाहेर विस्कॉन्सिनचा नोव्हेंबर
काचेवर हळूहळू गोठत होता.

शेवटी एकशे ऐंशी.
तोवर शहर आमची एक फूटही जमीन हद्दीत घेणार नाही,
आणि आम्ही एकही नवा प्लॉट पाडू देणार नाही.
'शक्यतो' खोडलं.
ओस्बीनं पेन उघडलं.

तेव्हा मागच्या रांगेतून
थोरा एंगब्रेट्सन उठल्या.
वय एक्याऐंशी. हातात लोणच्याची बरणी,
बरणीत त्यांच्या विहिरीचं पाणी.
दिसायला स्वच्छ.
"वसंतात तपासून घेतलं. नायट्रेट.
शहराचा पाइप माझ्या फाटकापासून चाळीस पावलांवर संपतो.
मीच अर्ज केला होता, मला आत घ्या म्हणून.
मला कुणी गिळत नव्हतं."

बरणी त्यांनी नकाशावर ठेवली.
"दिवसाला दोन कॅन लागतात.
करा हिशेब."

हिशेब सगळ्यांनी केला असणार.
बोललं कुणी नाही.
ओस्बी त्यांचा सख्खा भाचा.
तो मीठदाणीकडे बघत राहिला,
मग सही केली.
पिवोन्स्कींनी केली.
टाळ्या वाजल्या, जरा उशिरानं.

खुर्च्या मिटताना पाहिलं,
बरणीच्या बुडाशी ओल होती,
गुलाबी शाई पाझरून
आमच्या बाजूला बोटभर आलेली.
मी रुमालानं टिपली.
गेली नाही.

सकाळी टाइप केलं :
श्रीमती एंगब्रेट्सन यांनी पाण्याविषयी निवेदन केले.
नोंद घेण्यात आली.
तीन शब्द. बावीस वर्षं लिहितेय ते,
काल पहिल्यांदा वाचले.

घरी परतताना मुद्दाम त्या रस्त्यानं गेले.
मोजणीवाल्यांच्या खुंट्या तशाच होत्या,
नारिंगी फिती बर्फात फडफडत.
खुंट्या काढायच्या असं
करारात कुठेच नव्हतं.
थोराबाईंच्या फाटकाशी ओस्बीचा ट्रक.
पाठमोरा, वाकून, दोन्ही हातांत कॅन,
बर्फावरून जपून पाऊल टाकत.

त्यानं मला पाहिलं.
एरवी आम्ही हात करतो.